सिल्की हे खेळणं नव्हे. कळप तिच्या मापाने उभा करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला सिल्की कोंबड्यांवरचा लेख मी दोनदा वाचला. छायाचित्रं सुरेख होती. कापसाच्या पुंजक्यासारखी पांढरी कोंबडी एका मुलीच्या कुशीत, आणि खाली ओळ : ‘परसातलं जिवंत खेळणं’. लेखाच्या शेवटी असंही म्हटलं होतं की, घरी आधीच चार-दोन कोंबड्या असतील तर त्यांच्यात एक सिल्की आणून सोडा, ती सगळ्यांत मिसळून जाते. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. हेच वाक्य मी सहा वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं. त्यात एका पक्ष्याचा जीव गेला.

तेव्हा माझ्याकडे चार कोंबड्या होत्या. दोन तपकिरी संकरित, जवळजवळ रोज अंडं देणाऱ्या, आणि दोन गावठी. चौघींचं आपसात ठरलेलं होतं : दाण्याला आधी कोण, उंच दांडीवर कोण, दारातून पहिली बाहेर कोण. सिल्की विकणाऱ्याने सांगितलं, ‘गरीब जात आहे, कुठेही रमते.’ मी एकच आणली. आठ महिन्यांची तलंग, म्हणजे तरुण कोंबडी. सावरीच्या बोंडातून कापूस उलावा तशी ती दिसत होती, म्हणून नाव सावरी ठेवलं. भर दुपारी तिला थेट त्या चौघींत सोडलं.

पहिल्या दिवशी तिला दाण्यापासून हाकललं. हे होणारच, एक-दोन दिवसांत निवळेल, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी ती पाण्याच्या भांड्याकडे जाईना. चौथ्या दिवशी सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात ती मान दोन पायांत घालून बसली होती. उठवलं तर जागच्या जागी गोल फिरायची आणि पडायची. शेंडीच्या पिसांत वाळलेलं रक्त होतं. पशुवैद्यांनी ती पिसं बोटांनी बाजूला केली आणि मला माथ्यावरचा उंचवटा दाखवला. सिल्कीत, खास करून मोठी गोल शेंडी असलेल्या पक्ष्यांत, कवटीचं हाड माथ्यावर पूर्ण भरून आलेलं नसतं. मेंदूचा भाग वर उचलला गेलेला असतो आणि त्यावर पातळ पापुद्रा आणि कातडी एवढंच आवरण उरतं. दुसऱ्या कोंबडीला जी चोच नुसती धाक बसवून जाते, ती इथे थेट मेंदूपर्यंत पोचते. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सावरी गेली.

ज्या गोल शेंडीसाठी मी तिला चार जणींतून निवडलं होतं, तीच तिची सगळ्यात नाजूक जागा होती. हे मला विकत घेण्याआधी कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आपल्या लेखातही ते नाही.

शेंडीचा आणखी एक त्रास आहे. ती डोळ्यांवर येते. कोंबडीला जगाची बरीचशी माहिती डोळ्यांनी मिळते. वरून घारीची सावली सरकली की माझ्या गावठी कोंबड्या एक विशिष्ट लांबट आवाज काढून झुडपाखाली पळतात. सिल्की आवाज ऐकते, पण कुठे पळायचं ते तिला दिसत नाही. दुसरी कोंबडी बाजूने चाल करून आली तर तेही दिसत नाही, आणि मान झुकवून ‘मी खालची’ असं सांगायची संधी तिला मिळत नाही. थोरलाइफ शेल्डेरुप-एबे या नॉर्वेजियन संशोधकाने १९२० च्या सुमारास कोंबड्यांतल्या या चोचीच्या उतरंडीचा पहिल्यांदा नीट अभ्यास मांडला. ती उतरंड मुळात रोजची भांडणं टाळण्यासाठी असते. एकदा कोण वर आणि कोण खाली हे ठरलं की नुसत्या नजरेवर भागतं. पण नजरच झाकलेली असेल तर ती व्यवस्था सिल्कीच्या कामाची राहत नाही, आणि तिला तेच तेच टोले पुन्हापुन्हा खावे लागतात.

आता मी दर पाच-सहा आठवड्यांनी बोथट टोकाच्या कात्रीने डोळ्यांसमोरची आणि बाजूची पिसं कापते. प्रदर्शनात पक्षी नेणाऱ्यांना हे आवडणार नाही, ते शेंडी वर बांधून ठेवतात. मला प्रदर्शनाचं काही नाही. पहिल्यांदा कापली तेव्हा कापशी नावाची माझी सिल्की पाच मिनिटं स्तब्ध उभी राहिली. मग थेट पंधरा पावलं चालत जाऊन तिने मुंगी टिपली. तोवर मी तिला स्वभावाने बुजरी समजत होते. तिला दिसत नव्हतं एवढंच.

सावरीनंतर वर्षभर मी सिल्की आणली नाही. आणायची तर आधी जागा बदलायची असं ठरवलं, आणि ते वर्ष त्यातच गेलं. एका मोठ्या कोंबडीला खुराड्यात चार चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीबंद अंगणात दहा चौरस फूट असा ढोबळ हिशेब सांगतात. एकाच जातीच्या पक्ष्यांना तो पुरतो. वजनात दुपटीचा फरक असलेले पक्षी एकत्र ठेवायचे तर मोकळी जागा नुसती असून चालत नाही, ती तुकड्यांत लागते. माझ्या सिल्की ९०० ग्रॅमच्या आसपास आहेत आणि तपकिरी कोंबड्या दोन किलोच्या. मोकळ्या चौकोनात धाकट्याला लपायला काहीच नसतं. म्हणून मी भिंतीला तिरक्या फळ्या लावल्या आणि एक झाडाचा बुंधा आडवा टाकला. दाण्याची दोन भांडी अशी ठेवली की एकापाशी उभं राहिलं तर दुसरं दिसू नये. वरचढ कोंबडी एकाच वेळी दोन्हीकडे पहारा करू शकत नाही. एका कोपऱ्यात जाळीचा कप्पा केला आणि त्याला बेताचंच भोक ठेवलं, सिल्की सहज आत जावी आणि तपकिरी कोंबडीची छाती अडावी इतकं. या सगळ्यात जास्त उपयोग त्या भोकाचा झाला. आजही कुरबुर झाली की सिल्की तिथे जातात, दोन घोट पाणी पितात आणि थोड्या वेळाने आपण होऊन बाहेर येतात.

मग दोन सिल्की एकदम आणल्या, कापशी आणि काळी काजळी. एकटी कधीच आणू नये, हे मी आता प्रत्येकाला सांगते. आधी ३० दिवस त्यांना पूर्ण वेगळं ठेवलं. दाणा-पाण्याची भांडी वेगळी, त्यांच्याकडे जाताना चप्पल वेगळी, आणि रोज आधी जुन्या कोंबड्यांचं काम उरकून मगच त्यांच्याकडे. एवढं सोवळं कशासाठी, असं घरच्यांनी विचारलं. पण कोंबडी आजार लपवते. कळपात जो आजारी दिसतो त्याच्यावर बाकीचे तुटून पडतात, म्हणून अगदी उभं राहवेनासं होईपर्यंत ती ठीक असल्यासारखी वागते. महिनाभरात पिसांतल्या उवा, सर्दी, रक्ती हगवण यांतलं बरंचसं उघड होतं. सगळं होत नाही. मॅरेक्स या विषाणूजन्य आजाराचा विषाणू पक्ष्यात आयुष्यभर दडून राहतो आणि पिसांच्या कोंड्यातून पसरतो. योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्याने १९०७ मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन केलं, त्याच्यावरूनच हे नाव पडलं. पाय लुळे पडतात, एक पाय पुढे आणि एक मागे अशी कोंबडी आडवी होते. सिल्की या आजाराला लवकर बळी पडतात. त्याची लस पिलाला जन्मल्याच्या पहिल्या दिवशीच द्यायची असते, मोठेपणी देऊन फारसा उपयोग नाही. लस गाठींपासून आणि लुळेपणापासून वाचवते, विषाणू शिरण्यापासून नाही. म्हणून विकणाऱ्याला रंग आणि शेंडी विचारण्याआधी ‘पहिल्या दिवसाची लस दिली होती का?’ हे विचारावं. उत्तर गोलमोल आलं तर पक्षी घेऊ नये, मग तो कितीही देखणा असो.

महिन्यानंतर दोन आठवडे जाळीच्या अलीकडे-पलीकडे. एकमेकींना दिसतात, ऐकू येतात, चोच पोचत नाही. जुन्यांचं दाण्याचं भांडं जाळीला लागून एका बाजूला, नव्यांचं दुसऱ्या बाजूला, म्हणजे शेजारी उभं राहून खायची सवय होते. मग रोज संध्याकाळी अर्धा तास, मी तिथे बसलेली असताना, एकत्र. एखादा टोला, एखादी झडप चालू द्यायची. रक्त दिसलं किंवा एकीने दुसरीचा सतत पाठलाग सुरू केला की लगेच वेगळं करायचं. रक्त लागलेल्या जागेवर सगळ्याच चोच मारत सुटतात, त्यात जुनी मैत्री आड येत नाही. कापशी आणि काजळी कळपात राहायला यायला आणल्यापासून पुरे दहा आठवडे लागले. आपल्या लेखातलं ‘आणून सोडा’ हे असं दहा आठवड्यांचं काम आहे.

पिसांबद्दल लेखात एकच शब्द होता, ‘मऊशार’. मऊ का, ते सांगायला हवं होतं. साध्या पिसाच्या तंतूंना बारीक आकडे असतात. ते एकमेकांत अडकून सपाट, घट्ट पान तयार होतं. त्यावरून पाणी ओघळतं आणि त्याच्याच जोरावर कोंबडी कुंपणापर्यंत उडते. सिल्कीच्या पिसांत हे आकडे नीट धरत नाहीत, म्हणून तंतू सुटे राहतात आणि लोकरीसारखे लागतात. परिणामी तिला उडता येत नाही, आणि पाऊस अंगावर आला की थेट कातडीपर्यंत भिजते. एकदा अवेळी सर आली. बाकीच्या कोंबड्या आडोशाला पळाल्या. काजळी अंगणाच्या मधोमध तशीच उभी, भिजून अर्ध्या आकाराची झालेली. मी तिला टॉवेलात गुंडाळलं, कोमट हवेने वाळवलं, पण आतली लव सुकायला अडीच तास लागले. गावठी कोंबडी अंग झटकून दहा मिनिटांत मोकळी होते. तेव्हापासून सिल्कींच्या अंगणाच्या निम्म्या भागावर कायमचं छप्पर आहे. पाणी पसरट थाळीत देत नाही, चोचीने ढकलल्यावर थेंब देणारी तोटी लावली आहे. थाळीत दाढी आणि शेंडी भिजते, ओली राहते, घाण धरते.

उडता येत नसल्याचा दुसरा परिणाम रात्री दिसतो. बाकीच्या कोंबड्या अंधार पडला की उंच दांडीवर चढतात. सिल्की जमिनीवर कोपऱ्यात एकमेकींना चिकटून ढीग करून झोपतात. लेखातल्या एका छायाचित्रात सिल्कीला उंच दांडीवर बसवलं होतं. कोणीतरी उचलून ठेवल्याशिवाय ती तिथे जात नाही, आणि सकाळी उडी मारताना पाय दुखावू शकतो. तिची झोपायची जागा दांडीच्या थेट खाली मात्र नसावी, नाहीतर रात्रभर वरच्यांची शीट तिच्या अंगावर पडते. मी विरुद्ध भिंतीला चार बोटं उंचीची रुंद फळी आणि त्यावर तुसाची जाड गादी केली आहे. खाली झोपणारा पक्षी मुंगसाला आणि मांजराला आयता सापडतो. म्हणून खालच्या तीन फुटांत षटकोनी कोंबडीजाळी वापरू नये. ती कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची चौकोनी, वेल्ड केलेली जाळी लावावी आणि ती बाहेरच्या बाजूला जमिनीत वळवून गाडावी.

ही ‘नव्याने तयार केलेली शोभेची जात’ आहे असंही लेखात होतं. ते बरोबर नाही. मार्को पोलोने तेराव्या शतकातल्या आपल्या चीनच्या प्रवासवर्णनात मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख केला आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या अल्ड्रोवांडी या निसर्गअभ्यासकाने १६०० साली प्रसिद्ध झालेल्या पक्ष्यांवरच्या ग्रंथखंडात लोकर असलेल्या कोंबडीचं वर्णन दिलं आहे. अमेरिकेतल्या जातींच्या अधिकृत प्रमाणग्रंथात तिची नोंद १८७४ सालची आहे. तिची काळी कातडी आणि काळी हाडं हा कुणी दिलेला रंग नव्हे. कडकनाथातही असतो तोच आनुवंशिक गुण तो आहे. चाराऐवजी पाच बोटं, कानाच्या निळसर पाळ्या, हेही या जातीचं जुनंच आहे. इतक्या जुन्या पक्ष्याला खेळणं म्हणताना वाईट वाटतं.

आणि तिचं खरं देणं काय आहे, ते तर लेखात आलंच नाही. सिल्की खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. वर्षात अनेकदा आणि अगदी मनापासून. व्यापारी अंड्यांच्या जातींमधून निवड करत करत माणसाने खुडूकपणा जवळपास काढून टाकला, कारण खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते. माझ्या तपकिरी कोंबड्या कधी रवणीला बसल्या नाहीत. कापशी मात्र दोन अंडी दिसली तरी बसते, आणि अंडी नसली तर रिकाम्या गवतावरही बसते. एका स्नेह्यांकडून गावठीची सहा फळलेली अंडी आणून तिच्याखाली ठेवली. २१ दिवस ती दिवसातून एकदाच, वीसेक मिनिटं उठायची. धावत दाणा, धावत पाणी, धुळीत एक लोळण, की परत. सातव्या दिवशी रात्री अंधारात बॅटरीवर अंडी धरून पाहिली. पाचांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या, एक रिकामं होतं. विसाव्या दिवशी कान लावला तर आतून चिवचिव येत होती आणि कापशी बाहेरून हळू आवाजात उत्तर देत होती. तो आवाज ती एरवी कधी काढत नाही. पाचही पिलं निघाली. पुढच्या वर्षी तिने बदकाची अंडी उबवली. त्यांना २८ दिवस लागतात, तरी ती जागची हलली नाही.

त्या पाच गावठी पिलांपैकी तीन कोंबड्या आज माझ्याकडे आहेत, कापशीच्या दीडपट मोठ्या. त्यांनी कापशीला कधी टोचलं नाही, आणि काजळीलाही नाही. तिच्या पंखाखाली वाढल्यामुळे शेंडीवाला पक्षी त्यांना परका वाटत नसावा, असं मला वाटतं. मिश्र कळप हवा असेल तर मोठ्यांत सिल्की सोडण्यापेक्षा सिल्कीच्या खाली मोठ्यांची पिलं वाढवावीत. हा माझा अनुभव आहे. मला पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी पहिल्या दोन सिल्कीच आणीन.

खुडूकपणाची दुसरी बाजूही आहे. उबवायला अंडी द्यायची नसतील तर कोंबडीला तसंच बसू देऊ नये. ती खात नाही, छातीचं हाड हाताला लागायला लागतं, पोटाखालच्या लवेत उवा माजतात. अशा वेळी मी तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, जमिनीपासून वर, उजेडात, दाणा-पाण्यासह तीन-चार दिवस ठेवते. पोटाला खालून वारा लागला की ऊब मोडते. ती चिडते, पण आठवड्याभरात पुन्हा दाणे टिपू लागते.

दाण्याबद्दल थोडक्यात. अंड्यावरच्या कोंबडीच्या तयार खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. तेच पिलांना आणि कोंबड्याला रोज दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. मिश्र कळपाला सगळ्यांना चालणारं, जास्त प्रथिनांचं खाद्य द्यावं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, जिला लागतो ती खाते. सिल्कीच्या पायांवर पिसं असतात, त्यांच्याआड पायांच्या खवल्यांखाली राहणारे अगदी बारीक परजीवी (माइट) सहज लपतात. दर पंधरा दिवसांनी पाय उजेडात धरून पाहावेत. खवले उचललेले, खडबडीत दिसले तर पशुवैद्यांना दाखवावं.

आणि सिल्कीचा नर-मादी भेद चार-सहा महिन्यांपर्यंत भल्याभल्यांना कळत नाही. ‘या तीन तलंगी आहेत’ असं दोन महिन्यांच्या पिलांबद्दल कोणी छातीठोक सांगत असेल तर मनात एक तरी कोंबडा धरून चालावं, आणि तो निघाला तर त्याचं काय करायचं हे आधी ठरवावं. रस्त्यावर सोडून दिलेला सिल्की कोंबडा मी पाहिला आहे. त्याला उडता येत नव्हतं, पुढचं दिसत नव्हतं आणि तो पूर्ण भिजला होता.

मुलांना कोंबडीजवळ नेऊ नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. माझी नात कापशीबरोबर वाढली. पण ती जमिनीवर मांडी घालून बसते आणि कापशीला यायचं असेल तर येते. वरून झडप घालून उचलणारा हात आणि घारीचे पंजे कोंबडीला सारखेच. माथ्यावर हात ठेवायचा नाही, हे नातीला कारणासकट सांगितलं आहे. कोंबडीचा मुका घ्यायचा नाही आणि नंतर साबणाने हात धुवायचे, कारण निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

संपादक महाशय, एक विनंती आहे. त्या लेखानंतर आपल्या वाचकांपैकी काही जण सिल्की आणायला निघाले असतील. पुढच्या पुरवणीत जमेल तितक्या ठळकपणे एवढ्या तीन गोष्टी छापाव्यात : एकटी आणू नका, थेट कळपात सोडू नका, माथ्याला जपा. बाकीचं पत्र जागेअभावी गाळलं तरी चालेल.

आपली,
परसात नऊ कोंबड्या सांभाळणारी एक वाचक